जगाच्या निर्यातीत आपला वाटा १.८ टक्के, मग आपण पुढं गेलो की मागं?

उचगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी, शिवाजी विद्यापीठात एम.ए. इकॉनॉमिक्सला आहे, प्रोजेक्ट आहे विकसनशील देशांची माल निर्यात आणि स्पर्धाक्षमता यावर. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) टेबलात १९४८ ला भारताचा वाटा २.२ टक्के, १९७३ ला ०.५ आणि आता १.८ च्या आसपास. मग पाऊणशे वर्षांत मागंच गेलो असं लिहायचं का? आणि २०२२-२३ ला निर्यात ४५१ अब्ज डॉलर होती ती २०२३-२४ ला ४३७ वर आली, म्हणजे एका वर्षात आपली ताकद कमी झाली का? नेमकं मोजायचं काय हेच कळंना.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
वाटा म्हणजे भागाकार, वर आपली निर्यात, खाली जगाची. २०२३ ला जगाचा माल व्यापारच डॉलरात पाचेक टक्क्यांनी घसरला, त्यामुळं आपला आकडा उतरला तरी वाटा टिकला. उलटंही होतं, तेल महागलं की आखाती देशांची निर्यात फुगते आणि आपण एक किलो माल कमी न पाठवता वाटा खाली येतो, म्हणून तेल धरून आणि तेल सोडून असं दोनदा काढ. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, डब्ल्यूटीओचं जानेवारी ते डिसेंबर, ते मिसळलं की सगळं गणित चुकतं.
१९४८ चा २.२ मात्र फसवा आहे, तेव्हा जर्मनी जपान युद्धातनं सावरायचे होते, चीनमध्ये यादवी चालू होती. पण १९७३ च्या ०.५ ला ही सबब चालत नाही. जगाचा व्यापार जोरात वाढत होता, दक्षिण कोरिया निर्यातीवर उभा राहत होता आणि आपण लायसन्स परमिटमध्ये अडकलो होतो. हे स्पष्ट लिही, गुळगुळीत करू नको.

शिरोली_फौंड्रीवाला
भावा, मी पुस्तकातलं सांगत न्हाई, आमच्याकडचं सांगतो. आमचं कास्टिंग, म्हंजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, पुण्याला जातंय, तिथं मशिनिंग हुतंय, गाडीत बसतंय आणि गाडी न्हावा शेवावरनं भाईर जाती. आकड्यात गाडी दिसती, आमचं कास्टिंग कुठंच दिसत न्हाई. आता हुपरीचं बघ, पैंजणातली चांदी बहुतेक परदेशातनं आलेली, आपली काय तर घडणावळ. पैंजण निर्यात झाला की पूर्ण किंमत निर्यातीत धरत्यात. जामनगरला कच्चं तेल आणून डिझेल पाठवत्यात, सुरतेला हिरे, सगळीकडं तीच गत. देशात राहिलं ते घडणावळीएवढंच, ती मोज, मग खरं कळंल.

पंचगंगा_घाट
फौंड्रीवाल्या दादांनी मुद्द्याचं सांगितलं. यालाच देशांतर्गत मूल्यवर्धन म्हणतात, ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेकडं त्याचा डेटा मिळतो. व्हिएतनामला हे जरूर लाव. दहा कोटींचा देश, २०२३ ला साडेतीनशे अब्ज डॉलरच्या वर निर्यात, पण इलेक्ट्रॉनिक्समधले कितीतरी सुटे भाग बाहेरनं येतात. तरी त्यांचं यश मी कमी म्हणणार नाही, घडणावळ थोडी असली तरी हाताला काम मिळालं.
दुसरं, बेला बालासा या अर्थतज्ज्ञाचा इंडेक्स काढ, त्यानं तो १९६५ ला मांडला. एखाद्या मालाच्या जागतिक निर्यातीतल्या आपल्या वाट्याला आपल्या एकूण वाट्यानं भागायचं. समज, तांदळात डॉलरात आपला वाटा ३६ टक्के धरला, भागिले १.८, म्हणजे वीस. एकच्या वर आलं की त्या मालात बळ आहे असं धरतात. पण इथंच लोक चुकतात, कारण २०२१-२२ च्या हंगामात आपण ११० लाख टनांच्या आसपास साखर बाहेर पाठवली, मग जून २०२२ पासून सरकारनं निर्यातीवर बंधनं घातली. इंडेक्स खाली येणारच. त्यावरनं आपले कारखाने अचानक कमकुवत झाले असं कोण म्हणेल? ऊस तोच, मिल तीच, दार बंद केलं एवढंच. म्हणून प्रत्येक मालापुढं त्या वर्षीचं धोरण काय होतं याचा एक रकाना ठेव.

उचगावचा_पोरगा
लई आभार. आता ठरवलंय, साखर, कास्टिंग आणि चांदीचे दागिने हे तीनच माल घेतो आणि तिन्हीचा वाटा, इंडेक्स आणि घडणावळ काढतो. पण कास्टिंग कुठल्या एचएस कोडात (कस्टमच्या मालवर्गीकरणाच्या आकड्यात) शोधू?

शिरोली_फौंड्रीवाला
ओतीव लोखंडाच्या बऱ्याच वस्तू ७३२५ मध्ये जात्यात, पण मशिनिंग करून पार्ट झाला की ८४ न्हाईतर ८७ चॅप्टरला. फकस्त ७३२५ बघशील तर निम्मा माल सुटंल. आमच्याकडची जुनी शिपिंग बिलं दाखवतो, दुपारनंतर ये, सकाळी मेल्टिंग असतंय.