मदत हवी आहे: पीएसपी चार्ज होत नाही, दुरुस्त करू का नवीन घेऊ? (अर्जंट)

बांधावरचा
पीएसपी (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम) चार्जिंगले लावला का नारंगी लाइट दोन सेकंद लागते अन् जाते. स्विच सरकवला का हिरवी एकदा लुकलुकते, मंग काहीच नाई. पोट्ट्याच्या सुट्ट्या लागल्या, दिवसभर डोकं खाऊन रायला. दुरुस्तीत पैसे घालू का सरळ नवीन घेऊ? नवीन घेतला तर कोणता? जुन्या गेम चालल्या पायजेत, एवढंच. शनिवारी यवतमाळले जाणं आहे, त्याच्या आत सांगा.

सोल्डर_मास्तर
मॉडेल कोणतं? चार्जर मूळचा आहे का? बॅटरी काढून फक्त चार्जरवर चालू करून पाहिलं का? "जुन्या गेम" म्हणजे यूएमडी (पीएसपीच्या छोट्या चकत्या) की मेमरी कार्डावरच्या? बजेट किती? एवढं कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तर तो अंदाज.

नवाकोरा
दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. आर३६एस घ्या, जुन्या गेम चालवणारा हातातला नवा गेम. साडेतीन इंची ६४०×४८० स्क्रीन, आरके३३२६ चिप, १ जीबी रॅम, ३२०० एमएएच बॅटरी. गेम बॉयपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं चालतं. थोडे जास्त पैसे असतील तर आरजी ३५ एक्सएक्स एच घ्या, त्यात एच७०० चिप आणि ३३०० एमएएच.
घेतल्यावर पहिलं काम: सोबत आलेलं कार्ड बदला. ती कार्डं फार दिवस टिकत नाहीत. कॉम्प्युटरवर विन३२ डिस्क इमेजरने कार्डाची पूर्ण इमेज (हुबेहूब नक्कल) काढून ठेवा, एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रॅमने नवं कार्ड तपासा आणि मग त्यावर इमेज लिहा. आर३६एस चार्ज करायला साधी ए-ते-सी वायर वापरा. दोन्हीकडे सी असलेल्या वायरीवर बहुतेक नग चार्ज होत नाहीत, कारण चार्जरला ओळख देणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बोर्डावर बसवलेलेच नसतात. लोक नग खराब समजून परत पाठवतात.

चार_सेल
@नवाकोरा, त्यांनी दुरुस्तीचं विचारलं अन् तुम्ही दुकान मांडलं. गावात ज्याची बॅटरी किराणा दुकानात भेटते तेच टिकते. १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तास आरामात जाते. २००१ चा गेम बॉय अॅडव्हान्स दोनच सेलवर तेवढाच चालते. चार्जर नाई, बॅटरी फुगणं नाई. अन् दुपारी निंबाखाली बसून खेळायचं म्हटलं तर त्याची बिनलाइटची स्क्रीन उन्हात उलट चांगली दिसते. तुमच्या चकचकीत आयपीएस स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसते फक्त.

नवाकोरा
आणि रात्री काय, टॉर्च धरायची? गेम बॉयचे १६०×१४४ पिक्सेल माझ्या ६४०×४८० वर बरोबर तिप्पट होतात, ४८०×४३२. एकही पिक्सेल वाकडा होत नाही.

चार_सेल
गेम बॉयचे होतात. अॅडव्हान्सचे २४०×१६० रुंदीला भरवले तर २.६७ पट पडतात. काही पिक्सेल दोनचे, काही तीनचे. बारीक अक्षरं पहा एकदा. दुप्पट ठेवलं तर ४८०×३२०, म्हंजे चारी बाजूनं काळी पट्टी.

बांधावरचा
तुम्ही दोघं नंतर भांडा बावा. पीएसपी ३००० आहे. चार्जर आहे, चालू आहे, त्याच्यावर बाकीच्या वस्तू चालतात. गेम चकत्यांच्या आहेत, तीन. बजेट पाच हजारांपर्यंत.

सोल्डर_मास्तर
चकत्या असतील तर निम्मा प्रश्न सुटला. यूएमडी फक्त पीएसपी वाचतो, १०००, २०००, ३००० आणि ई१०००. पीएसपी गोला चकतीचा ड्राइव्ह नाही, सोनीच्याच पुढच्या व्हिटाला नाही आणि नवाकोरा यांच्या एकाही नगाला नाही.
३००० असेल तर असं करा: वरच्या कडेचा मिनी यूएसबी कॉम्प्युटरला जोडा, सेटिंग्ज, सिस्टीम सेटिंग्जमध्ये यूएसबी चार्ज ऑन करा. पण त्यासाठी मशीन आधी चालू व्हावं लागतं. म्हणून बॅटरी काढून चार्जरवर चालू होतो का ते पहा. झाला तर बोर्ड शाबूत.
आणि "बाकीच्या वस्तू चालतात" म्हणजे? चार्जरवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

पोहा_तर्री
पाच हजारात थोडे टाकून निन्टेन्डोचा जुना स्विच लाइट बघा. ३५७० एमएएच, ३ ते ७ तास. भारतात कंपनीची अधिकृत विक्री नाही, पण नागपूरला बर्डीवर विचारलं तर बाहेरून आणलेले नग मिळतात.

सोल्डर_मास्तर
पाच हजारात स्विच लाइट मिळाला तर आधी त्याचा पूर्वेतिहास विचारा. शिवाय तो ५ ते ३५ अंशांत वापरायचा असं कंपनीच सांगते. एप्रिल-मेमध्ये यवतमाळला टिनाच्या खोलीत ३५ अंश पहाटे चारला असतात.

वाळ्याचा_कूलर
तापमानाचा विषय निघालाच म्हणून सांगतो, कूलरच्या तोंडासमोर बसून खेळू देऊ नका. वाळ्याच्या ताट्या ओल्या असल्या का बारीक थेंब उडतात, बटनांच्या फटीतून आत जातात अन् खालचे तांब्याचे पॉइंट हिरवे पडतात. कूलर बाजूनं असू द्या.
दुसरं, आमच्याकडे शेतीचे पंप सुरू झाले का व्होल्टेज १७० वर येते. स्टॅबिलायझर कोणता घ्यावा?

सोल्डर_मास्तर
@वाळ्याचा_कूलर, चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर १७० नं काही बिघडत नाही. भीती उलटी आहे: डीपीवर न्यूट्रल सुटला की घरात ४०० च्या जवळ येतात, तिथे स्टॅबिलायझरही जळतो. चार_सेल यांच्यासारखे जुने शौकीन गेम बॉय अॅडव्हान्स एसपीचा अमेरिकेतला चार्जर घेतात, त्यावर नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो आपल्या बोर्डात लावला की संपला. स्टॅबिलायझरसाठी वेगळा धागा काढा.

बांधावरचा
चार्जरवर लिहून आहे: मल्टी प्लग, ३-४.५-६-७.५-९-१२ व्होल्ट, ५०० एमए. सहावर ठेवला. आधी साडेचारवर होता, तेव्हा लाइटच लागे ना.

सोल्डर_मास्तर
आत्ता काढा तो. लगेच.
पीएसपीला ५ व्होल्ट आणि दीड ते दोन अँपिअर लागतात, मधली पिन प्लस. तुमचा डबा अर्धा अँपिअरचा. पीएसपीनं ओढलं की व्होल्टेज बसतं, म्हणून नारंगी दोन सेकंद दिसते आणि जाते. वाईट गोष्ट पुढे आहे: असे ट्रान्सफॉर्मरचे डबे रेग्युलेटेड नसतात. सहावर ठेवलेला डबा भार नसताना आठ-नऊ व्होल्ट देतो. वर त्यात प्लस-मायनस उलटायची सोय असते. उलटं लागलं असेल तर बोर्डावरचा बारीक फ्यूज उडाला असेल.

चार_सेल
म्हंजे तुमचं आधीचं "बॅटरी काढून चार्जरवर पहा" हे त्याच डब्यावर करायले लावलं होतं ना?

सोल्डर_मास्तर
हो. म्हणूनच चार्जरवर काय लिहिलंय ते विचारलं होतं. @बांधावरचा, लावून पाहिलं नसेल तर बरंच झालं. आता डाव्या कडेला, अॅनालॉगच्या (अंगठ्यानं सरकवायच्या गोल बटनाच्या) बाजूला, वायफायचा सरकता स्विच आहे का? की वर, चकतीच्या दाराजवळ?

बांधावरचा
डाव्या कडेले आहे. अन् जाड आहे, हातात वजन लागते. बॅटरीचं झाकणबी नीट बसून नाई रायलं, रबर बँड लावला.

सोल्डर_मास्तर
मग तो ३००० नाही, १००० आहे. वायफायचा स्विच २००० पासून वर गेला. ३००० ला माइकचं बारीक भोक असतं आणि होम बटनाच्या जागी पीएसचा शिक्का. तुमचा २८० ग्रॅमचा, २००० चा १८९ ग्रॅमचा. त्यामुळे वर सांगितलेलं यूएसबी चार्जचं विसरा, १००० मध्ये ती सोयच नाही.
३००० कुठून आलं?

बांधावरचा
तीन हजारात घेतला होता.

पोहा_तर्री
😂 मग माझा स्विच पंचवीस हजार मॉडेल.

सोल्डर_मास्तर
झाकण बसत नाही म्हणजे बॅटरी फुगली. ती आधी काढा. टोचायची नाही, दाबायची नाही, पुन्हा चार्ज करायची नाही. कोरड्या रेतीच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा. घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीच्या आसपासही नको. शहरात ई-कचरा घेतात तिथे द्या.

मग हे करा:
मोबाइलच्या दुकानात "यूएसबी ते पीएसपी पिन" वायर मागा. पिनची बाहेरची जाडी ४.०, आतली १.७ मिलिमीटर. नोकियाची बारीक पिन बसत नाही, सेटटॉप बॉक्सची जाड पिनही नाही. ती वायर मोबाइलच्या ५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरला लावा. बॅटरी बाहेरच राहू द्या. स्विच वर सरकवून धरा. हिरवी लागून टिकली आणि मेनू आला तर फक्त बॅटरीचा खर्च. काहीच लागलं नाही तर फ्यूज किंवा जॅक, ते मल्टिमीटरवाल्याचं काम. त्याला आधीच सांगा की बॅटरीच्या खोबणीतल्या स्टिकरखालीही स्क्रू लपलेला असतो, नाहीतर तो कव्हर ओढून तोडेल.

नवाकोरा
बॅटरीविना चालवलं आणि लाइट गेली की खेळ जागच्या जागी मेला. सेव्ह चालू असताना गेली तर मेमरी स्टिकवरची फाइल खराब. लोडशेडिंगच्या गावात हा सल्ला?

सोल्डर_मास्तर
तपासायपुरताच सल्ला आहे. पण खेळायचं असेल तरी तीच वायर पॉवर बँकेला लागते. हिशेब करा: १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, नुकसान धरून २४-२५ हाती येतात. या पीएसपीची मूळ बॅटरी ३.६ व्होल्ट १८०० एमएएच, साडेसहा वॉट-अवर. तीन-चार वेळा भरते. तेच स्टीम डेक या मोठ्या हातातल्या गेमच्या एलसीडी मॉडेलमध्ये ४० वॉट-अवरची बॅटरी आहे, त्याच पॉवर बँकेत ती एकदाही भरत नाही, आणि ४५ वॉटचा चार्जर लागतो तो वेगळाच. नवीन यंत्र ताकदीचं आहे, वाद नाही. पण ते दर दोन-चार तासांनी प्लग मागतं.

नवाकोरा
मी स्टीम डेक घ्या म्हटलंच नाही. आर३६एस १० वॉटच्या चार्जरवर होतो. पीएसपीच्या हलक्या गेमही चालतात.

चार_सेल
हलक्या. जड लावल्या का बैलबंडी. अन् ४८०×२७२ चं चित्र चौकोनी स्क्रीनवर टाकलं का ६४०×३६३ होते, बाकी ११७ ओळी काळ्या. एवढ्यासाठी नवीन घ्यायचा?

गावठी_गेमर
जत्रेतला ब्रिक गेम आहे, निम्म्या ओळी दिसत नाहीत. फेकू का?

चार_सेल
फेकू नका. काचेखाली गुलाबी-काळी रबराची पट्टी असते, झेब्रा म्हणतात. ती अन् बोर्डाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, सगळे स्क्रू सारखे आवळा. एक ढिला राह्यला तर परत ओळी जातात.
तो ४०० इन १ (एकातच चारशे गेम) वाला असता तर अजून सोपं, त्यात बहुतेक बीएल-५सी बॅटरी असते, जुन्या नोकियाची. पानठेल्याच्या बाजूच्या मोबाइल दुकानातबी भेटते.

गावठी_गेमर
आणि गेम बॉयचं पोकेमॉन गोल्डचं कार्ट्रिज आहे, सेव्ह राहत नाही.

चार_सेल
आतला सीआर२०२५ सेल मेला. तोच सेव्ह सांभाळते अन् घड्याळबी. तीन पाकळ्यांचा नाई, बारीक षटकोनी तोंडाचा ३.८ मिलिमीटरचा पेचकस लागते. पत्र्याचे कान वेल्ड केलेला सेल घ्या, साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तापून फुटू शकते. जुनं सेव्ह काही असन तर सेल काढताच जाईन. नंतरच्या पोकेमॉन रुबी, सफायर, एमराल्डमध्ये "बॅटरी संपली" म्हणून दाखवते, पण त्यांचं सेव्ह फ्लॅशमध्ये असते, ते जात नाई, फक्त घड्याळ थांबते.

बांधावरचा
धागा माह्या आहे ना? वायर आणली, मोबाइलचा चार्जर लावला, बॅटरी बाहेर. हिरवी लागली अन् टिकली. मेनू आला. चकती फिरली, गेम लागली. सेव्हबी दिसून रायले. मले वाटलं बॅटरीसंगं गेले असतीन.

सोल्डर_मास्तर
पीएसपीचे सेव्ह बॅटरीवर नसतात, मेमरी स्टिकवर असतात. पीएसपी नावाच्या फोल्डरमध्ये सेव्हडेटा, तेवढा कॉम्प्युटरवर उचलून ठेवा. उद्या आर३६एस घेतलाच तर पीपीएसएसपीपीमध्ये (पीएसपीच्या गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणारा प्रोग्रॅम) तोच फोल्डर चालतो, नवाकोरा यांचाही मान राहील.
बॅटरी पीएसपी-११० नावाची मागा, १८०० एमएएच. पीएसपी-एस११० मागू नका, ती २०००-३००० ची पातळ बॅटरी, तुमच्या खोबणीत सैल बसते. त्याच आकारावर ३६०० लिहिलेली दिसली तर ती खोटी. आली की पहिली चार्जिंग रात्री, थंडाव्यात. ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करायचं नसतं, आणि दुपारी टिनाखाली तेवढं होतं.

बांधावरचा
मागवतो. आतापुरतं पॉवर बँकेवर सुरू आहे. पोट्टं खुश. पण गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालते, ते काऊन?

सोल्डर_मास्तर
अॅनालॉग. १००० मध्ये ती पुढच्या कव्हरात बसते आणि खाली कार्बनच्या रबराचा छोटा तुकडा बोर्डाला टेकतो. तो मळला किंवा कव्हर अर्धवट बसलं की असं होतं. कव्हर काढून रबर आणि बोर्डावरचे पॉइंट दोन्ही आयसोप्रोपिलनं पुसा, रबर उलटं बसवू नका. पुसूनही गेलं नाही तर नवी अॅनालॉग १००० चीच मागा, २००० ची बसत नाही. दुकानदाराला तीन हजार सांगू नका.