मदत हवी आहे : औद्योगिक राउटरने चौदा ऊर्जा मीटर वाचताना नोंदींत खंड पडतो

नमस्कार,

एका पंपगृहातील विजेच्या वापराची नोंद आपोआप व्हावी, म्हणून आम्ही नियंत्रण पॅनेलमध्ये औद्योगिक राउटर बसवला आहे. त्याआधी पाळीवरचा ऑपरेटर दर तासाला प्रत्येक मीटरसमोर उभा राहून वहीत आकडे उतरवत असे आणि दोन नोंदींच्या मधल्या वेळेत एखादा पंप जास्त करंट घेऊ लागला, तर बेअरिंग तापून आवाज येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नसे. ही उणीव भरून काढणे हाच या कामाचा उद्देश आहे. त्यामुळे नोंदींत पडणारा खंड मला किरकोळ वाटत नाही.

१४ मीटर एकाच शील्डेड, पिळाच्या केबलवर एकापुढे एक जोडलेले आहेत. संवादाची पद्धत मॉडबस आरटीयू (एका मास्टरने विचारायचे आणि मीटरने उत्तर द्यायचे), वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), इव्हन पॅरिटी (प्रत्येक बाइटसोबत चूक ओळखणारा एक जादा बिट). लाइनवर राउटर हा एकमेव मास्टर असून वाचलेली मूल्ये तो ४जी सिमवरून एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतो. प्रत्येक मीटरमधून व्होल्टेज, करंट, पॉवर, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी आणि एकूण युनिट अशी सहा मूल्ये सहा वेगवेगळ्या विनंत्यांनी वाचली जातात. पोलिंगचा (सर्व मीटर एकदा वाचण्याच्या फेरीचा) कालावधी ५ सेकंद, टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) १ सेकंद आणि उत्तर न आल्यास एकूण ३ प्रयत्न, असे सेटिंग आहे.

पहिली अडचण अशी की, दर ५ सेकंदांनी अपेक्षित असलेली नोंद सुरुवातीपासूनच ८-९ सेकंदांनी येत होती आणि गेल्या आठवड्यापासून हे अंतर २५-२६ सेकंदांवर गेले आहे. केबल मी स्वतः तपासली. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन (सिग्नल परत उसळू नये म्हणून लावलेला रोध) आहे, पुरवठा बंद करून दोन तारांमध्ये मोजले असता जवळपास ६० ओहम मिळाले, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली आहे आणि ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून ही केबल वेगळ्या ट्रेमधून नेलेली आहे.

दुसरी अडचण १२ क्रमांकाच्या मीटरची आहे. तो बदलून दुसऱ्या बनावटीचा मीटर बसवल्यापासून त्याच्या पडद्यावर २३० व्होल्ट दिसत असताना सर्व्हरवर मात्र ०.०० येते. राउटरच्या निदान पानावर व्होल्टेजच्या दोन रजिस्टरांची (मीटरमधील क्रमांकित साठवण-खान्यांची) हेक्स (सोळाच्या पायावरची) मूल्ये ०००० आणि ४३६६ अशी दिसतात.

तिसरी अडचण म्हणजे, मोबाइल नेटवर्क गेले की तेवढ्या वेळेच्या नोंदी कायमच्या नाहीशा होतात.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

केबलची तपासणी आपण व्यवस्थित केली आहे, त्यामुळे दोष तारेत शोधण्याऐवजी वेळेचा हिशेब मांडून पाहू. एका मूल्यासाठी दोन रजिस्टरे वाचायची, तर विनंतीचे ८ आणि उत्तराचे ९ असे १७ बाइट लाइनवरून जातात. इव्हन पॅरिटीसह प्रत्येक बाइटला ११ बिट लागत असल्याने ९६०० बॉडला याला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. दोन फ्रेमच्या (विनंती किंवा उत्तराच्या पूर्ण संदेशांच्या) मध्ये साडेतीन अक्षरांइतकी शांतता, म्हणजे दर वेळी सुमारे ४ मिलिसेकंद, सोडावी लागते. मीटर उत्तर द्यायला साधारण ७० मिलिसेकंद घेतो असे धरले, तर एक विनंती जवळपास १०० मिलिसेकंदांत पूर्ण होते. चौदा मीटर आणि प्रत्येकी सहा विनंत्या मिळून ८४ विनंत्या, म्हणजेच ८.४ सेकंद. ही फेरी ५ सेकंदांत बसणे शक्यच नाही. राउटर त्याला जमेल त्या गतीने चालत आहे.

आता २६ सेकंदांकडे येऊ. एखादा मीटर अजिबात उत्तर देत नसेल, तर त्याच्या सहा विनंत्या, प्रत्येकी तीन प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्नाला १ सेकंद, असे १८ सेकंद निव्वळ वाट पाहण्यात जातात. उरलेल्या तेरा मीटरांचे ७.८ सेकंद त्यात मिळवले की २५.८ होतात. आपला आकडा हाच आहे. गेल्या आठवड्यात एखादा मीटर लाइनवरून काढला आहे का, हे आधी पाहावे.

उपाय म्हणून सहा तुकड्यांऐवजी सलग रजिस्टरांचा एकच गट वाचावा. मॉडबसमध्ये एका विनंतीत १२५ रजिस्टरांपर्यंत वाचता येते. आपली सहा मूल्ये साठ रजिस्टरांच्या टप्प्यात बसत असतील, तर एका मीटरला सुमारे २३० मिलिसेकंद आणि सर्वांना मिळून सव्वातीन सेकंद पुरतील. मात्र काही मीटर मधल्या रिकाम्या पत्त्यांवर चुकीच्या पत्त्याचा संदेश परत करतात. तसे झाल्यास गट दोन करावेत. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणता येईल, पण उत्तराला प्रत्यक्ष लागणारा वेळ मोजल्याशिवाय त्याहून खाली जाऊ नये, कारण उशिरा आलेले उत्तर पुढच्या विनंतीवर आदळते आणि मग चांगल्या मीटरच्या नोंदीही बिघडतात.

प्रतिसाद २

१२ क्रमांकाच्या मीटरबद्दल लिहितो. मॉडबस १९७९ सालचा असून त्याचे रजिस्टर १६ बिटांचे असते; ३२ बिटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमाने ठेवायची, हे त्याच्या नियमांत ठरवलेले नाही. ४३६६ आधी आणि ०००० नंतर घेतले, तर बरोबर २३०.० मिळतात. उलट क्रमाने वाचले, तर संख्या इतकी सूक्ष्म होते की ती ०.०० अशीच छापली जाते. त्या मीटरपुरता राउटरमधील वर्ड क्रम (दोन रजिस्टरांचा क्रम) बदलावा. शून्य दिसले म्हणून लक्षात आले, हे चांगले झाले. पूर्ण अंकांत मिळणाऱ्या युनिटांच्या बाबतीत हीच चूक झाली असती, तर एखादा मोठा पण खरा वाटणारा आकडा महिनाभर अहवालात राहिला असता.

धागालेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ९ क्रमांकाचा मीटर कॅलिब्रेशनसाठी काढून नेला होता आणि मला त्याची कल्पना नव्हती. तो पोलिंगच्या यादीतून तात्पुरता बंद करताच अंतर पुन्हा ८ सेकंदांच्या आत आले. नंतर रजिस्टरांचे गट केले. दोन मीटरांनी एकच गट नाकारल्यामुळे त्यांना दोन गट द्यावे लागले. आता फेरी साडेतीन सेकंदांत संपते. १२ क्रमांकाच्या मीटरचे व्होल्टेजही बरोबर येत आहे.

नेटवर्क गेल्यावर होणाऱ्या नुकसानाचा प्रश्न मात्र उरला आहे. त्यात आणखी एक गोष्ट आढळली : पॅनेलचा पुरवठा जाऊन परत आल्यावर काही नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख पडली आहे.

प्रतिसाद ३

या दोन्ही गोष्टी एकत्रच सोडवाव्या लागतील. राउटर एमक्यूटीटीचा संदेश क्यूओएस (संदेश पोहोचण्याच्या हमीची पातळी) ० ने पाठवत असावा. त्यात पोच घेतली जात नाही. क्यूओएस १ निवडावा आणि नेटवर्क नसताना नोंदी राउटरच्या साठ्यात ठेवून नंतर पाठवण्याची सोय चालू करावी. क्यूओएस १ मध्ये तोच संदेश दोनदा पोहोचू शकतो, म्हणून सर्व्हरने मीटर क्रमांक आणि वेळ यांची जोडी पाहून दुसरी प्रत गाळली पाहिजे. साठा फ्लॅश मेमरीत असेल, तर प्रत्येक वाचन वेगळे न लिहिता मिनिटाभराचे एकदम लिहावे. सतत लिहिण्याने फ्लॅश झिजते.

वेळ मीटर वाचतानाच राउटरने नोंदवायला हवी, सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ चालणार नाही. नाहीतर दोन तासांनी आलेला साठा एकाच क्षणाचा दिसेल. १९७०ची तारीख, म्हणजे संगणकी घड्याळाची शून्य वेळ, सांगते की या राउटरचे घड्याळ पुरवठा गेल्यावर टिकत नाही आणि एनटीपीवरून (नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याच्या पद्धतीने) वेळ मिळण्याआधीच पोलिंग सुरू होते. पीएलसीचे (पंप चालवणाऱ्या नियंत्रकाचे) घड्याळ बॅटरीवर चालत असेल आणि त्याला एनटीपी सर्व्हर म्हणून वापरता येत असेल, तर स्थानिक इथरनेटवरून वेळ घ्यावी, म्हणजे मोबाइल नेटवर्क नसतानाही ती बरोबर राहील.

धागालेखकाचा प्रतिसाद

आमच्या पीएलसीत ही सोय आहे, ती आजच जोडतो. शेवटची एक शंका. दूरवरून पीएलसीचा प्रोग्रॅम पाहता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणे) केले, पण बाहेरून जोडणी होत नाही. सिमला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होतो.

प्रतिसाद ३

तो पत्ता सेवादात्याच्या सामाईक नॅटमधला (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरण्याच्या सोयीतला) आहे, त्यामुळे बाहेरून येणारी जोडणी राउटरपर्यंत पोहोचतच नाही. सार्वजनिक पत्ता मिळाला, तरी कृपया मॉडबसचे ५०२ क्रमांकाचे पोर्ट उघडू नये. साध्या मॉडबस टीसीपीमध्ये (नेटवर्कवरून चालणाऱ्या मॉडबसमध्ये) पासवर्डची सोयच नाही. ज्याला पोर्ट सापडेल, तो पंप चालू-बंद करणारे रजिस्टरही लिहू शकेल. राउटरने स्वतःहून आपल्या सर्व्हरकडे व्हीपीएन (कूटबद्ध खाजगी) जोडणी करावी, पीएलसीपर्यंतचा प्रवेश त्यातूनच द्यावा आणि आधी केलेला पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम आजच काढून टाकावा.