मदत हवी आहे: रायझन ५८००एक्स प्रोसेसरसाठी भरवशाचा पॉवर सप्लाय कुठला?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. माझ्या बी४५० मदरबोर्डावरचा रायझन ५ ३६०० काढून रायझन ७ ५८००एक्स बसवायचा आहे. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालंय, अडलंय ते पॉवर सप्लायवर.

सध्याचा ४५० वॅटचा आहे, पाच वर्षांपूर्वी असेंबल करणाऱ्याने कॅबिनेटसोबतच गळ्यात मारलेला. त्याला प्रोसेसरसाठी चारच पिनांची वायर आहे, बोर्डावर जागा आठ पिनांची. ३६०० ६५ वॅटचा होता म्हणून निभावलं. ५८००एक्स कागदावर १०५ वॅटचा, पण पूर्ण लोडला १४२ वॅटपर्यंत खेचतो. वर १६६० सुपर ग्राफिक्स कार्डाचे १२५ वॅट. बेरीज फार होत नाही, पण त्या डब्यावर माझा विश्वास नाही. पावसाळ्यात लाइट लुकलुकली की पीसी रीस्टार्ट होतो (हा दोष सप्लायचा की यूपीएस नसल्याचा?).

कॉर्सेअर सीएक्स६५० की डीपकूल पीके६५०डी, असा घोळ आहे. दोन्ही ८० प्लस ब्राँझ, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. कोणी दोन-तीन वर्षं वापरलाय का? वॉरंटीत बदलून मिळायला त्रास झाला का? आणि ठाण्यातच मिळेल की मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठू?