मदत हवी आहे : सातवीच्या पोरांना त्वचेचा रंग कसा समजावू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. वर्गातली एक पोरगी सुटीत कापूस वेचायला जाते, बापाचा फुलबाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला घट्ट दुपट्टा. ‘काळी पडली तर स्थळ येत नाही’ म्हणे. सातवीत!

मेलॅनिन म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य; ते बनवणाऱ्या पेशी सगळ्यांत जवळपास सारख्याच संख्येनं असतात, फरक मेलॅनिनच्या प्रमाणाचा नि प्रकाराचा. ते अतिनील किरणांपासून शरीरातलं फोलेट (एक ‘ब’ जीवनसत्त्व) वाचवतं, हे सांगून झालं. पोट्टे ऐकतात अन् मधल्या सुटीत पुन्हा चिडवतात. एखादा प्रयोग, खेळ सुचवा ना.

शिवाय तिची आई चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचं मलम आणते, गोरं व्हायला. त्यानं कातडी पातळ होते, हे त्या माउलीला न दुखावता कसं सांगू? गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना मध्ये घालू का?