महिनाभर केवळ स्वतः शिवलेलेच कपडे: नियम कुठवर ताणावा?

सुईदोरा
गेली तीन वर्षे मी घरी शिवणकाम करते आहे आणि पुढचा संपूर्ण महिना, घरी असो वा कामावर, केवळ स्वतःच्या हातचेच कपडे घालायचे असे मी ठरवले आहे. काल कपाट रिकामे करून मोजदाद केली, तेव्हा वरचे कपडे अकरा निघाले आणि खालचे अवघे दोन: एक स्कर्ट आणि एक विजार. त्या विजारीचे आसन (दोन पायांच्या मधला, बसताना ताणला जाणारा भाग) इतके तंग झाले आहे की ती घालून जमिनीवर बसण्याचे धाडस होत नाही. अकरांपैकी सातांवर मोठी नक्षी आहे, त्यामुळे तो स्कर्टही त्यांच्याशी जुळत नाही. महिना सुरू व्हायला बारा दिवस आहेत. या अवधीत घाईघाईने चार-पाच कपडे शिवून घ्यावेत, की आहे त्यातच भागवावे? अंतर्वस्त्रे आणि मोजे यांनाही नियम लागू करावा का? आणि मावशीने विणून दिलेला स्वेटर हातचाच असला, तरी माझ्या हातचा नाही. तो चालेल का, हेही मला ठरवता आलेले नाही.

उरेबपट्टी
असा नेम करणारे तुम्ही एकट्या नाही. ‘मी मेड मे’ या नावाने 2010 पासून अनेक देशांतले शिवणारे मे महिन्यात तो पाळतात (त्या नावातला ‘मी’ मराठीतही चालून जातो, ही गंमतच), आणि त्यात अटी ज्याच्या त्याने ठरवायच्या असतात. म्हणून अंतर्वस्त्रांचा निर्णय तुमचा. घाईने चार-पाच कपडे शिवण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तुमची मोजदाद जे सांगते आहे, तेच या महिन्यातून कळायचे असते: आपल्याला नक्षीदार कापड पाहून मोह होतो, आपण वरचे कपडे शिवत सुटतो, आणि ज्यांवर रोजचा दिवस उभा असतो ते साधे, एकरंगी, खिसे असलेले खालचे कपडे कंटाळवाणे म्हणून टाळतो. बारा दिवसांत एकच गडद एकरंगी विजार शिवा. सुती कापड असेल तर कापण्यापूर्वी धुऊन वाळवा, कारण पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटणे सुती कापडाला काही विशेष नाही, आणि विजारीत तेवढ्याने घोटा उघडा पडतो.

दुसरे, रोज रात्री एक ओळ लिहा: आज काय घातले आणि दिवसभरात ते कुठे नकोसे झाले. मी हे केले तेव्हा माझा सर्वांत देखणा सदरा तीन आठवड्यांत एकदाच अंगावर आल्याचे दिसले. हात वर केला की तो कमरेपासून वर सरकत असे. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतालचा गोल काप, तंग असेल असे समजून मी तो आणखी खोल केला, तर सरकणे वाढले. मुंढा जितका खाली, तितकी बाही शरीराच्या बाजूला अधिक खालून जोडली जाते आणि हात उचलताना सगळा सदराच सोबत वर ओढते. काखेच्या जवळ बसणारा मुंढा दिसायला आवळ वाटतो, पण हात मोकळा ठेवतो. ही गोष्ट आरशासमोर दोन मिनिटे उभे राहून मला कधीच कळली नसती.

टीपमास्तर
अंतर्वस्त्रे वगळू नयेत, असे माझे मत आहे. त्यांना कापड फार थोडे लागते आणि जुन्या टी-शर्टमधून एक नग आरामात निघतो. अडचण येते ती ताणाच्या कापडाची. साध्या टोकदार सुईने विणीचे धागे तुटून बारीक भोके पडतात, म्हणून गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लावावी, आणि सरळ टीप न मारता अरुंद झिगझॅग घालावा. रुंदी एक मिलिमीटरच्या आसपास, लांबी अडीच. सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाही आणि कपडा चढवतानाच तटकन तुटते. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा थोडे कमी कापून, चार समान भागांवर खुणा करून बसवले की चुण्या सारख्या पडतात. मोज्यांचा हट्ट मात्र सोडा. बारीक लोकरीच्या एका मोज्याला साधारण साठ-चौसष्ट टाके घालून गोल विणत जावे लागते, टाच वळवण्याचे काम निराळे, आणि जोडीतला दुसरा मोजा पहिल्यापेक्षा नेहमी दुप्पट कंटाळा आणतो. बारा दिवसांचे ते काम नव्हे.

जुनी दुमड
‘हातचे’ या शब्दाविषयी थोडे बोलते. दुकानातला साधा सदराही कुणाच्या तरी हातूनच शिवलेला असतो. कापड लवचीक असल्याने ते सुईखाली धरून वळवण्याचे काम कारखान्यातही बहुतांशी माणसेच करतात. तेव्हा तुमचा नियम ‘हाताने’ केलेल्याचा नसून ‘स्वतः’ केलेल्याचा आहे, हे आधी लक्षात घ्या. त्या न्यायाने मावशीचा स्वेटर बाद ठरतो, पण थंडी असेल तर तो खुशाल घाला आणि वहीत तसे नोंदवा. विकतचा कपडा उसवून तुम्ही नव्याने बेतला असेल, तर तो मी तुमचाच मानेन. नुसते बटण लावले असेल तर नाही.

सुईदोरा
सर्वांचे आभार. एकच एकरंगी विजार शिवते, अंतर्वस्त्रांचे दोन नग करून पाहते, मोजे वगळते. तंग आसनाच्या विजारीला आतून माया (टिपेच्या बाहेर राखलेले कापड) अर्धा सेंटिमीटरच उरली आहे. ती वाचवता येईल का?

उरेबपट्टी
बहुधा येईल. ताण बसताना मागून येत असेल, तर मायेला हात न लावता आसनाची मागची वळणरेषा खाली उतरवा: जुन्या टिपेच्या आत, वळणाच्या तळाशी अर्धा सेंटिमीटर खोल नवी टीप मारा आणि बाहेर राहिलेले कापड जुन्या टिपेसकट छाटा, कारण ते तसेच ठेवले तर तंगपणा जात नाही. वळणावर दुहेरी टीप हवी. मग जमिनीवर बसून पाहा. अजून आवळत असेल तर पुन्हा अर्धा, पण एका वेळी त्याहून अधिक नको. कापलेले कापड परत जोडता येत नाही, आणि आसन फार खाली गेले की चालताना मांड्यांमध्ये अडकू लागते.