७८च्या तबकड्या डिजिटल कराव्यात की तशाच जपाव्यात?

साखर पेठ
ऊन तापायला लागलंय, म्हणून विषय काढतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो आणि जुन्या घरांत रेकॉर्डी असतात पत्र्याखालच्या माळ्यावर, आडव्या, एकीवर एक. एलपी (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या तबकड्या) वाकतात, ७८च्या म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या जुन्या तबकड्या मऊ पडून लवतात. माझं मत : ७८च्या तबकड्या याच उन्हाळ्याआधी डिजिटल करून घ्याव्यात आणि रोज ऐकायला फाइलच वापरावी. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ यांचं गाणं १० इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं बसवलेलं असतं. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (सुई धरणारा जड डबा) त्यावर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो. प्रत्येक वाजवणीत चर (आवाज कोरलेली खाच) थोडा खरवडला जातो, तो परत येत नाही.

जुनी तबकडी
वरच्या मताला माझा विरोध आहे. झीज होते हे मान्य, पण घाईने केलेली फाइल तबकडीची जागा घेऊ शकत नाही. बहुतेक जण करतात काय? सुटकेससारखा स्वस्त यूएसबी प्लेअर आणतात, त्याला असते एलपीची सुई. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ला लागतं ७५च्या आसपास. बारीक सुई रुंद चराच्या तळाशी जाऊन कचऱ्यातून घासत जाते. मग खरखर फार म्हणून सॉफ्टवेअरने ती पुसायची, एमपी३ करायचं आणि तबकडी भंगारात. हे जतन नव्हे. तबकडी उभी ठेवा, आतल्या खोलीत ठेवा, फाटकं कव्हर बदला. १९३०च्या आसपासची तबकडी आज वाजते की. तेवढी वर्षं टिकणारी हार्ड डिस्क कुणी दाखवावी.

सात रस्ता
सुईचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण त्यावरून ट्रान्स्फरच (तबकडीवरून फाइल करणंच) नको हे पटत नाही. काम नीट करायची रीत आहे.

आधी धुणं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश चराच्या दिशेने, लेबल कोरडं. बोअरचं पाणी नको, क्षार चरात बसतात आणि नवीच खरखर तयार होते. पूर्व भागात यंत्रमाग जवळ असेल तर सुताचा तूस सुईला गोळा होतो, म्हणून दर बाजूनंतर सुई बघा.

कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं, ७८ची सुई, भार ३ ते ५ ग्रॅम, काय ते सुईच्या कागदावर लिहिलेलं असतं. ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तबकडी मोनो असली तरी दोन्ही चॅनल घ्या : चराची एक भिंत कमी झिजलेली असते, नंतर तीच निवडता येते. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज करा, सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारा आवाज बराच कटतो.

घरघर आली तर टर्नटेबलची अर्थची तार प्रीॲम्पला (सुईचा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) जोडली का बघा, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मुद्रण करू नका.

जुनी तबकडी
रीत चांगली सांगितलीत. पण प्रीॲम्पचं काय? त्यातला आरआयएए कर्व्ह (खर्ज-टीप कमी-जास्त करण्याचं ठरलेलं माप) १९५४च्या सुमाराचा, एलपीसाठी ठरवलेला. त्याआधी प्रत्येक कंपनीची खर्ज-टीपेची मापं वेगळी. तो लावला की गायकाचा आवाजच बदलतो. आणि वेग? '७८' लिहिलेलं सगळं ७८वर मुद्रित नाही. फक्त २ फेऱ्या चुकल्या तरी सूर जवळजवळ पाव स्वराने सरकतो. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याच्या कानाला ते टोचतं.

सात रस्ता
म्हणूनच मूळ फाइल कर्व्ह न लावता, सपाट घ्यायची. कर्व्ह नंतर संगणकावर लावता येतो, चुकला तर बदलता येतो. तबकडीवर ही सोय नाही. वेग स्ट्रोब चकतीने (टर्नटेबलवर ठेवायची रेघांची चकती) तपासा : आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांची चकती स्थिर दिसली की ७७.९२ फेऱ्या. मग पेटी कोणत्या पट्टीत लागते ते ऐकून सूक्ष्म दुरुस्ती करा. टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५वर सपाट मुद्रित करून वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवा. इथे प्रीॲम्पचा कर्व्ह आधीच लागलेला असेल तर सगळं बिघडतं, कारण कर्व्हही वेगाबरोबर सरकतो.

बाळीवेस
एलपीबद्दल कुणी बोलत नाहीये. एलपीचा आवाज 'ऊबदार' म्हणून डिजिटलपेक्षा सरस असं बरेच जण म्हणतात, ते मला मान्य नाही. बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला अंदाजे ५१ सेंटिमीटर धावतो, आत लेबलजवळ २१वर येतो. बाजूचं शेवटचं गाणं म्हणूनच चिरकतं, 'स'कार फाटतात. डिजिटलमध्ये पहिलं आणि शेवटचं मिनिट सारखं असतं. एलपी धुवायला मात्र एक भाग आयसोप्रोपिल, चार भाग डिस्टिल्ड वॉटर चालतं. बाटली वेगळी ठेवा, लाखेच्या तबकडीवर चुकूनही नको.

साखर पेठ
'घाईने केलेली फाइल' हा आक्षेप मला पटला. तरी हार्ड डिस्कच्या मुद्द्यावर उत्तर आहे : सपाट फाइल फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता आकार कमी करणारा फाइल-प्रकार), दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. ७८ची एक बाजू डब्ल्यूएव्हीत (न दाबलेली फाइल) सुमारे ११० एमबी, फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी. पन्नास तबकड्या सहज एका पेनड्राइव्हवर मावतात.

जुनी तबकडी
दोन प्रती, कर्व्हशिवाय, तबकडी जागेवर : एवढं असेल तर विरोध मागे घेतो. पण खरखर पुसण्यावर माझं म्हणणं कायम आहे. टिचक्या एकेक करून काढा, पूर्ण आवाजावर नॉइज रिडक्शन नको. त्यात हिराबाईंच्या तानेतला श्वास आणि तबल्याची चाट (कडेचा बोल) आधी जाते. पुसलेली प्रत नाव बदलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, सपाट फाइलला हात लावू नका.