डॉटफाइल्स गिटमध्ये ठेवतं का कोणी?

विश्रामबागकर: मंडळी, घरी लॅपटॉपवर डेबियन लिनक्स, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर जुना डेस्कटॉप. बॅश (कमांड चालवणारं शेल) नि विम (एडिटर) यांच्या सेटिंग्जच्या फाइली, म्हणजे डॉटफाइल्स, दोन्हीकडे सारख्या हव्यात. सध्या पेनड्राइव्हवर कॉपी करून नेतो, पण नवी फाइल कुठली नि जुनी कुठली हेच कळत नाही. अख्खं होम फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकलं तर?

कृष्णाकाठ: अख्खं नको हो. ब्राउझरचा कॅश, डाउनलोड, सगळा पसारा गिटच्या स्टेटसमध्ये (बदलांच्या यादीत) दिसत राहील. बेअर रिपॉझिटरी करा (आत नुसता गिटचा इतिहास, चालू फाइली नाहीत), वर्क-ट्री (खऱ्या फाइलींची जागा) म्हणून होम द्या. कमांड लांबलचक होते, तिला एलियस, म्हणजे छोटं टोपणनाव. अनट्रॅक्ड (गिटमध्ये न घेतलेल्या) फाइली दाखवायच्या नाहीत अशी सेटिंग केली की तुम्ही ॲड केलेल्याच दिसतात.

विश्रामबागकर: एसएसएचचं (दूरच्या मशीनवर लॉगिनचं) फोल्डर?

कृष्णाकाठ: नुसती कॉन्फिग टाका. खासगी किल्ली अजिबात नको, रिपॉझिटरी प्रायव्हेट असली तरी. नंतर डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या नोंदीत) ती राहतेच.

मिरजमळा: मला ते बेअर प्रकरण झेपत नाही राव. मी जीएनयू स्टो वापरतो. फाइली एका साध्या फोल्डरात, होममध्ये फक्त सिमलिंक (त्या फाइलींकडे बोट दाखवणारे दुवे). पेढीवरचं वेगळं काही असेल, समजा प्रॉक्सी (नेटसाठीचा मधला सर्व्हर), तर ते वेगळ्या लोकल फाइलीत. बॅशआरसीच्या (बॅशच्या सेटिंग्जच्या फाइलीच्या) शेवटी ती सोर्स करायची, म्हणजे वाचायला लावायची, गिटमध्ये घ्यायची नाही.

विश्रामबागकर: हे बेस्ट. पण पेढीवर नेटचा भरवसा नाही.

कृष्णाकाठ: मग पेनड्राइव्हवरच बेअर रिपॉझिटरी ठेवा, तीच रिमोट (दोन्ही मशीनची सामाईक प्रत). घरून पुश (बदल पाठवा), पेढीवर पुल (बदल घ्या). गिट म्हणजे गिटहब ही वेबसाइटच, हे लोकांनी उगीच डोक्यात घेतलंय.